खोतांची नदी

गावची नदी भार्गवराव खोतांच्या बागेतून वाहायची. खोतांनी तिथे कुंपण घातलं आणि पोहायला बंदी केली. पण बागेतला डोह कसा असेल, हे कुतूहल द्वारकाकाकूंना स्वस्थ बसू देईना. एके सकाळी त्या वरच्या घाटावर पाण्यात उतरल्या आणि पोहत थेट डोहात पोचल्या.

खोत काठावरून गरजले, "बाहेर व्हा! नदी माझी आहे!"

आरडाओरडा ऐकून खालच्या आळीतली माणसं कुंपणापाशी जमली.

काकूंनी पाण्यातूनच विचारलं, "नक्की तुमचीच ना, खोतसाहेब?"

"माझीच!"

"बरं झालं भेटलात. गेल्या श्रावणात तुमची नदी आमच्या घरांत शिरली आणि सगळ्या आळीची भांडीकुंडी घेऊन गेली. तेवढी परत द्या."

खोत जमलेल्या माणसांकडे बघून गडबडले. "छे, छे! नदी कधी कुणाच्या मालकीची असते का?"

"मग पोहू द्या की," म्हणत काकूंनी तळ बघायला बुडी मारली.