घोंगडीखालची चिरलेली काडी

एकेकाळी एका पेठेत हाडवैद्यांची आळी होती. आता ती राहिली नाही. पण आंबेहळदीच्या लेपाचा वास आला की मन अजूनही त्या आळीत जाऊन बसते. तेथे दसऱ्याला एक रीत होती. जाड घोंगडीखाली बोरूच्या काड्या मांडत. त्यांतली एकच चिरलेली असे. प्रत्येक वैद्याने वरून नुसत्या बोटांनी ती ओळखायची. ज्याला साधले नाही, त्याने दारावर वैद्यकीची खूण म्हणून टांगलेली, हाड बांधायच्या बांबूच्या कांबट्यांची जुडी उतरवायची आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत कोणाच्या हाडाला हात लावायचा नाही.

ही रीत घालून देणारा वृद्ध वैद्य एका वर्षी परीक्षेला बसला. काड्या त्याच्याच शिष्याने मांडल्या होत्या. वृद्धाची बोटे घोंगडीवरून फिरली आणि थांबली. "ही."

काडी अखंड होती. मांडणाऱ्या शिष्याला ते ठाऊक होते. ज्याने बोट धरून शिकवले, त्याला चारचौघांत चूक कसे म्हणावे?

"बरोबर, गुरुजी," तो म्हणाला.

वृद्धाने त्याच्याकडे पाहिले, घोंगडी स्वतःच दूर सारून ती अखंड काडी पाहिली आणि घरी जाऊन दारावरची जुडी उतरवली. शिष्य मागोमाग धावला.

तेवढ्यात खांदा निखळलेला एक व्यापारी कळवळत आला. "वैद्यबुवा, गुण तुमच्याच हाताला! काडीबिडी राहू द्या हो!"

वृद्धाने शिष्याला पुढे केले. शिष्याने खांदा नीट बसवला. व्यापारी सुखावून गेला, शिष्य मात्र रडवेला झाला.

"गुरुजी, एका काडीपायी जन्माची पुण्याई उतरवून ठेवलीत? लोकांचा केवढा विश्वास आहे तुमच्यावर!"

"म्हणूनच रे," वृद्ध म्हणाला. "दुखणाईत डोळे मिटून हात पुढे करतो. वैद्याची बोटं शाबूत आहेत की नाहीत, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं? ते आपणच एकमेकांचं पाहायचं. तुझं 'बरोबर' मला गोड लागलं असतं. पण भोगलं असतं त्या माणसाच्या खांद्यानं."

वर्षे लोटली. शिष्यही म्हातारा झाला. एका दसऱ्याला त्याने घोंगडीवरून एक काडी दाखवली. समोरचा त्याचा तरुण शिष्य अडखळला, मग मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, गुरुजी."

म्हाताऱ्याला आपले गुरुजी आठवले. त्याचे डोळे भरून आले. त्याने पोराच्या पाठीवरून हात फिरवला आणि जुडी उतरवायला तो शांतपणे घराकडे निघाला.

आपला देह ज्याच्या हाती सोपवायचा, त्याला 'चुकलं' म्हणणारे कोणी असावे, एवढेच.