मनगटावरचा डाग

“...मग खोटारड्या मुलीला खोटारडी नाही तर काय म्हणायचं, आक्का?”

शेवंताआक्का बालगृहाच्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. बत्तीस वर्षं इथल्या अधीक्षक. निवृत्त झाल्या तरी पाय इकडंच वळत. समोर शर्वाणी, नवी समाजसेविका, विद्यापीठात पहिली आलेली. मांडीवर पंधरा वर्षांच्या केशरचा अहवाल.

“अंगावरच्या वळांबद्दल पोलिसांना म्हणाली, जिन्यावरून पडले. डॉक्टरांना म्हणाली, म्हशीनं ढुशी दिली. शाळेत सांगितलं, तापानं निजून होते. आणि कोर्टात... तोंडच उघडलं नाही!”

“तू काय लिहिलंस?”

“जबाब विश्वासार्ह नाही.”

उद्या बालकल्याण समिती ते वाचणार. मग केशर परत काकाकडे. जिथून पळाली होती, तिथंच.

शर्वाणीला हे ठाऊक होतं. म्हणूनच आवाज जरा जास्त चढला होता.

आक्कांनी मान वर केली. “मनगटाला काय झालं गं?”

शर्वाणी दचकली. “इस्त्री लागली.”

“बरं.”

स्वयंपाकाच्या हौसाबाई चहा घेऊन आल्या. “अगं बया! केवढं भाजलंय ताई!”

“तेल उडालं हो, मावशी.”

मागोमाग कारकून सहीला आला. “हात बघा मॅडम, दवाखान्यात दाखवलात का?”

“गाडीचा सायलेन्सर लागला. होईल बरं.”

तो गेला. एक शेंग कट्‌कन फुटली.

“इस्त्री, तेल, सायलेन्सर,” आक्का म्हणाल्या. “यातलं कुठलं लिहू?”

शर्वाणीनं बाही खाली ओढली.

“मी खोटारडी नाहीये, आक्का.”

“मी कुठं म्हटलं?”

...

आक्कांनी पुढं काही विचारलं नाही. अर्धा ढीग तिच्याकडे सरकवला.

शर्वाणी सोलू लागली. चहावर साय धरली. टरफलं साचत गेली.

बऱ्याच वेळानं, कुणी विचारलेलं नसताना, ती म्हणाली, “आक्का... ते इस्त्रीनं नव्हतं.”

आक्कांचा हात थांबला नाही. नजरही वर झाली नाही.

शर्वाणीनं सांगितलं. घरातलं सगळं.

मग डोळे पुसले, अहवाल ओढला आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली. पेन कागदात रुतलं.

“उद्या समितीकडे मुदत मागते. नाही दिली तर उठणार नाही तिथून. रागावले तर रागावू देत! पोलीस, दवाखाना, कोर्ट, शाळा... चौघांनाही सांगते, आता पोरीला पुन्हा पुन्हा पिंजऱ्यात उभं करायचं नाही.”

ती उठली. दोन पावलं गेली आणि अडखळली.

“आत्ताच जाते केशरकडे. पण आक्का... पहिला प्रश्न काय विचारू?”

आक्कांनी उरलेल्या शेंगा सुपात भरल्या आणि सूप तिच्या हातात दिलं.

“दोघींना पुरतील एवढ्या आहेत.”