उसवलेला अंगरखा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती जिथे घडली त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. त्या राज्यात डोंगराच्या कुशीत एक नगर होतं आणि तिथल्या शिंप्यांचा मोठा नावलौकिक होता. त्यांनी बेतलेला अंगरखा असा अंगाला बसायचा, की घालणारा आरशासमोरून हलायचा नाही. नगरातल्या लोकांना याचा भारी अभिमान. बिनशिवलेलं कापड गुंडाळून फिरणाऱ्याला ते माणसांत धरायचेच नाहीत.

एका वर्षी खालच्या खोऱ्यातल्या नदीनं पात्र बदललं आणि काठावरच्या कोळ्यांच्या वस्त्या गिळल्या. घरं गेली, होड्या गेल्या, बरेच पुरुषही गेले. उरलेल्या बायका पोराबाळांना घेऊन डोंगर चढून नगराच्या वेशीशी आल्या. त्यांच्या पुढे होती सोनकी. ती काही वयानं सगळ्यांत मोठी नव्हती. पण रडणं बाजूला ठेवून आधी चूल पेटवणारी तीच, म्हणून बाकीच्या तिच्या तोंडाकडे बघायच्या. तिची धाकटी जाऊ झिमा पोटुशी होती आणि तिचे दिवस भरत आले होते.

नगरातली माणसं वाईट नव्हती. त्यांनी वेशीबाहेरची धर्मशाळा उघडून दिली, धान्य दिलं, आणि थंडी तोंडावर आली म्हणून घरोघरचे जुने कपडेही दिले. खुद्द नगरप्रमुखानं आपला लग्नातला जांभळा अंगरखा दिला. तो आता त्याच्या पोटावर बसत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

आता गंमत ऐका. सोनकीच्या मुलखात शिवलेलं कुणी अंगाला लावत नसे. एकच लांबरुंद कापड, तेच कमरेला, तेच खांद्यावर, आणि रात्री पांघरायलाही तेच. बाह्या, बंद आणि विजारींचा ढीग बघून बायका चक्रावल्या. एका म्हातारीनं विजारीत दोन्ही हात घातले आणि आता डोकं कुठून काढायचं म्हणून विचारू लागली. नदीनं घर नेल्यापासून त्या पहिल्यांदाच पोट धरून हसल्या.

सोनकी मात्र शिवण बोटांनी चाचपत होती. फाटक्या जाळ्यातून चांगलं सूत सोडवायचं आणि पुन्हा जाळं सांधायचं, यात तिचं आयुष्य गेलं होतं.

"बायांनो, हे आपल्याच कामासारखं काम दिसतंय," ती म्हणाली. "चला, सोडवायला घ्या."

बाभळीचे काटे घेऊन सगळ्या बसल्या. एकेक टाका उसवला, सूत न तोडता काडीवर गुंडाळलं. विरलेलं कापड वेगळं काढलं. चांगल्याला चांगलं जोडलं आणि दोन पदर एकावर एक घालून जाळी सांधतात तशा टाक्यांनी त्याच सुतात सांधले. त्यातून रुंद, उबदार शेले तयार झाले. बायका खुशीत होत्या.

तेवढ्यात नगरप्रमुख विचारपूस करायला आला. दारातच त्याला आपल्या अंगरख्याची सुटी बाही दिसली आणि त्याचं डोकंच फिरलं.

"आम्ही आपल्या अंगावरचं काढून दिलं आणि तुम्ही त्याच्या चिंध्या केल्यात? उपकाराची ही जाण?"

"चिंध्या नाही केल्या मालक," सोनकी म्हणाली, पण पुढचं ऐकायला तो थांबला नाही. बाजाराचा दिवस उलटला की धर्मशाळा रिकामी करा, एवढं बजावून तो निघून गेला.

झिमा भिंतीला टेकून ऐकत होती. "अक्का, या थंडीत मला घाट उतरवेल का गं?" तिनं विचारलं. सोनकीनं तिच्या अंगावर एक शेला घातला. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती.

त्यांच्या मुलखाची एक रीत होती. गाव सोडताना कुणाची वस्तू सोबत न्यायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनकीनं नगरप्रमुखाच्या अंगरख्यातून झालेला जांभळा शेला हातात घेतला.

"त्याच्या तोंडावर फेकून ये!" बायका म्हणाल्या.

"घडी घालून देईन," सोनकी म्हणाली आणि निघाली.

नगरप्रमुख चावडीवर गेला होता. मागच्या दारी त्याची म्हातारी आई बसली होती, पाठीत पार वाकलेली. ताठ होती तेव्हाच्या मापाचा झगा गळ्याशी काचत होता, पाठीवर वर चढला होता आणि ती कुडकुडत होती.

"दुसरा शिवून नाही घेतलात, आजी?"

"घेतले की! शिंपी येतात आणि मापासाठी ताठ उभं राहा म्हणतात. ताठ उभी राहिले असते तर नवा कशाला शिवला असता?" म्हातारी म्हणाली. "शेवटी मीच बाहेर जायचं सोडलं. असलं ध्यान चारचौघांना कशाला दाखवायचं?"

 आपण कशाला आलो होतो ते सोनकी विसरली. "उठू नका, बसल्या आहात तशाच बसा," ती म्हणाली. तिनं शेला म्हातारीच्या पाठीवरून घेतला, एक टोक काखेखालून काढलं, दुसरं खांद्यावर खोचलं. म्हातारीनं मान इकडे तिकडे फिरवून पाहिली. कुठेच काचत नव्हतं. मग ती उठली आणि काठी टेकत थेट पुढच्या ओट्यावर जाऊन बसली.

नगरप्रमुख परतला तेव्हा ओट्यापाशी आळीतल्या बायका जमल्या होत्या आणि मधोमध त्याची आई उन्हात हसत बसली होती. तिला अशी बाहेर बसलेली पाहून कित्येक वर्षं झाली होती. त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं कापड ओळखलं.

"आई, हा तर माझा अंगरखा! असा कुणी शिवला?"

"शिवला नाही रे, उसवला," म्हातारी म्हणाली. "तुमचे शिंपी मला सरळ करायला बघत होते. या पोरीनं कापडच माझ्यासारखं वळवलं."

नगरप्रमुख ओशाळला. सोनकी पायऱ्या उतरून निघाली होती, तिच्या मागे तो धावत गेला. "बाई, चुकलं माझं. जाऊ नका. हवे तितके दिवस राहा."

झिमाची आठवण होऊन सोनकीच्या ओठांवर होकार आलाच होता. पण दिवस देणारा उद्या ते मोजायलाही बसेल, हे तिच्या मनात आलं.

"दिवस नकोत, मालक. काम करायला जागा द्या," ती म्हणाली. "जुने कपडे आम्हाला दान म्हणून देऊ नका. कामासाठी द्या. आम्ही त्यांचं नवं करू आणि कष्टाचे पैसे घेऊ. शिंप्यांच्या मापात न बसणारं माणूस या नगरात घरोघरी असेल."

आणि होतंच की! लढाईत हात गमावलेला शिपाई आला, मग बाळंतिणी आल्या, मग घरात दडून बसलेल्या कितीतरी म्हाताऱ्या. शिंपी नाकं मुरडत राहिले, तोवर त्यांच्यातलाच एक, गुडघे धरलेला, लाजत लाजत विजारीऐवजी काहीतरी द्या म्हणून आला. झिमा धर्मशाळेतच सुखरूप बाळंत झाली आणि महिन्याभरानं लेकीला पाळण्यात घालून पुन्हा कामाला बसली. धर्मशाळेला आता सगळे सोनकीचा कारखाना म्हणत. पुढे दुष्काळातून, लढाईतून पळून आलेल्या दुसऱ्या मुलखांच्या बायकाही तिथे आल्या. सोनकी त्यांना पाणी द्यायची आणि विचारायची, "तुझ्या हाताला काय येतं गं?" एकीला नुसतं निळीत कापड बुडवायला येत होतं. त्या वर्षी नगरातले सगळे विटके कपडे निळे झाले, आणि नगरप्रमुखानं मोठ्या हौसेनं तसाच एक शेला खांद्यावर घेतला.

बोध: दारी आलेल्या माणसाला आपल्या मापात बसवायला जाऊ नये, त्याच्या हाताला काय येतं ते आधी विचारावं.