दीड अंशाने काय होतंय!

हैबतराव सरपंचांना जगातलं सगळं कळायचं, फक्त दुसऱ्याचं म्हणणं तेवढं कळायचं नाही. गावातली अंगणवाडी पत्र्याची, आणि भरायची भर दुपारी. चैत्र लागला तशी कावेरीची चिमी तिथून दोनदा मान टाकून घरी आली. कावेरीच्या जिवाला घोर लागला. ती तडक सरपंचांकडे गेली. ते आपल्या अंडी उबवायच्या मशीनपाशी उभे होते.

"काका, उन्हाळ्यापुरती तरी अंगणवाडी सकाळची करा. सगळं जगच तापत चाललंय म्हणतात."

"तापतंय?" हैबतराव खो-खो हसले. "अगं, पौषात मी दोन घोंगड्या घेऊन कुडकुडत होतो! आणि तापून तापून तापलं किती, तर दीड अंश. तेवढ्यानं माझा चहासुद्धा कोमट होत नाही. उगीच पोरांना नाजूक करू नका."

"खरंच की काका, दीड अंशाने काय होतंय!" म्हणत कावेरीने मशीनच्या बटणाला हात घातला.

"ए, ए! काय करतेस?"

"दीडच अंश वाढवते. तुमची पिल्लं तरी कशाला नाजूक राहायला हवीत?"

"सोड ते! अख्खी खेप मरेल ना!" हैबतरावांनी मशीनला मिठीच मारली.

"काका, तुमच्या पिल्लांना निदान कवच तरी आहे," कावेरी म्हणाली. "आमच्या पिल्लांवर नुसता पत्रा."

सोमवारपासून अंगणवाडी सकाळी भरू लागली. मशीनला मात्र कुलूप लागलं. अजूनही कावेरी समोरून आली, की हैबतराव आधी खिशातली किल्ली चाचपतात आणि मगच "बरी आहेस ना?" विचारतात.