पाठमोरी आवस

ओढ्यापलीकडे चाफ्याखाली तो आडवा दगड दिसतो ना, त्याला आम्ही पाठमोरी आवस म्हणतो. आवस म्हणजे आई. गावाकडे पाठ, रानाकडे तोंड. डोळे-नाक काही कोरलेलं नाही, तरी कुशीवर निजलेली बाई आहे हे सांगावं लागत नाही. तुम्ही माउलीच्या देवळाकडे निघालात आणि हातात फुलं आहेत, म्हणून थांबवलं. ही फुलं तुमच्या आईनं हुंगलीत का? नाही? मग ठेवा पिशवीत. दुसऱ्या गावांत हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, आमच्या पाथरवण्यात न हुंगलेलं चालत नाही. हसू नका. ह्यापायी इथं एका घराची रग जिरलेली आहे.

फार जुनी गोष्ट सांगतात. देवळाची फुलबाग तेव्हा सुभद्रा गुरवीण राखायची. नवरा गेलेला, पदरात एकच मुलगी, येसू. बागेतला सोनचाफा सुभद्रेनं रोप असल्यापासून जपलेला, उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी कळशीनं आणून वाढवलेला. कितीतरी वर्षांनी त्याला पहिलं फूल आलं. बाईनं ते तोडलं आणि परडीत ठेवायच्या आधी, भान सुटलं म्हणा, नाकाशी नेलं. एवढाच तिचा गुन्हा.

नेमके देवळाचे मानकरी नागोजी देसाई समोरून येत होते. देवीच्या आधी गुरवीण वास घेते म्हणजे काय! त्यांनी तिच्या हातातलं फूल हिसकावून पायाखाली चिरडलं आणि हुकूम सोडला, हिनं ओढ्यापलीकडे राहायचं आणि मरेपर्यंत फुलाला हात लावायचा नाही. गाव गप्प बसलं. गावाला तेवढं छान जमतं. येसूला मात्र त्यांनी ठेवून घेतलं, कारण देवीचे हार तिच्याशिवाय कोण गुंफणार? तिथंच देसाई फसले.

येसूनं आईच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली म्हणे, "आये, तुझ्या हातातला फूल त्यांनी चिरडल्यानी. आता तुझ्या नाकाक लागल्याशिवाय एकव फूल त्या देवळात जावचा नाय."

आणि पोरगी बोलली तशी वागली. पहाटे फुलं काढायची, परडी घेऊन ओढा ओलांडायची, एकेक फूल आईच्या नाकाशी धरायची. हात लावायची बंदी होती ना, नाक लावायची कुठं होती? त्यातलं एक फूल आईसाठी निवडून उशाशी ठेवायची, बहुतेकदा बकुळीचं. बकूळ सुकते, पण वास सोडत नाही. मी काही विसरलेली नाही, हे येसू आईला असं रोज सांगायची. उरलेल्या फुलांचा हार देवीला. नागोजी देसाई तो स्वतःच्या हातानं घालायचे, डोळे मिटून, आणि येसू खांबाआडून बघत राहायची. तेवढं बघूनच तिचं पोट भरायचं.

जत्रा आली तेव्हा सुभद्रा अंथरुणाला खिळली होती. आईनं हा कलंक घेऊन मरू नये, एवढी एकच गोष्ट येसूच्या जिवाला लागून राहिली होती. देसायांनी भरल्या मंडपात हार घातला आणि ती पुढं आली.

"वर्षभर देवीक माझ्या आवशीन हुंगलली फुला घातलास, देसायांनू. आजचो हारव तसोच आसा. खयची देवी कोपली ती दाखवा!"

देसाई पेटले. हार ओरबाडून त्यांनी अंगणात भिरकावला, आंघोळ करून ओलेत्यानं स्वतः नवी फुलं काढून आणली आणि कौल लावला. आमच्याकडे देवीला विचारायची रीत अशी, की ओल्या पाकळ्या देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. ही फुलं मान्य आहेत का, असं देसायांनी विचारलं. डावी पडली. पुन्हा लावल्या, पुन्हा डावी. तेव्हा पुजाऱ्यानं, तो येसूचा काकाच, अंगणात फेकलेल्या हारातल्या पाकळ्या उचलून आणल्या. पाकळ्या लावल्या मात्र, उजवी अलगद खाली आली.

"हिका माउली म्हणतास," येसू म्हणाली, "आणि माझ्या माउलेक ओढ्यापलीकडे टाकलास. आता सोनचाफ्याचा फूल घेवन तुमीच जावा. तिना हुंगल्यान, तरच तुमच्या घराचा फूल देवीक."

देवीनंच कौल दिलेला, करतात काय? नागोजी देसाई अनवाणी, ओंजळीत सोनचाफा घेऊन ओढ्यातून गेले. अख्खं गाव काठावर उभं राहून बघत होतं. त्यांनी वाकून फूल सुभद्रेच्या नाकाशी नेलं. तिनं एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आपल्या हातानं उशाची बकूळ उचलली, ती नाकाशी धरली आणि देसायांकडे पाठ करून कुशीवर वळली. ती परत उठली नाही. पुढं झोपडी मोडून पडली आणि हा दगड उरला. तीच ती, असं सांगतात.

क्षमा करायला हवी होती, असं म्हणणारे पाहुणे मला भेटतात. मला नाही तसं वाटत. तिच्याजवळ द्यायला तेवढीच एक गोष्ट उरली होती. ती तिनं दिली नाही, बरं केलं.

आजही पाथरवण्यातल्या लेकी जत्रेला आधी आईसाठी फूल निवडतात. सासरहून आलेली बहुतेक बकूळच आणते. आईनं वास घेतला की मग परडी देवळात जाते. ज्यांची आई नाही ते इथं येऊन दगडाच्या तोंडाशी फूल धरतात, आणि मीसुद्धा तेच करतो. देसायांच्या घराला मात्र तोंडाकडे जायची मुभा नाही. ते पाठीशी सोनचाफा ठेवून दिवसभर बसतात. संध्याकाळी फूल काळं पडलं की मी ते ओढ्यात सोडतो.

गेल्या जत्रेला त्यांच्या धाकट्या सूनबाई आल्या होत्या. उन्हात बसून बसून कंटाळल्या बिचाऱ्या. मला म्हणाल्या, "काकानू, ही म्हातारी कधी वळतली?"

मी म्हटलं, "वळाचा असता, तर दगड कित्याक झाली असती, बाये?"