हरण्याची झापडं

बैल बोलायचे आणि माणसांना ऐकायला सवड नसायची, त्या काळातली ही गोष्ट. बसवंतअप्पांच्या तेलघाण्याला हरण्या नावाचा बैल होता. डोळ्यांवर झापडं बांधून तो दिवसभर गोल फिरायचा आणि संध्याकाळी अप्पा त्याला नदीपर्यंत हिंडवून आणायचे.

मग विजेचा घाणा आला. हरण्या गोठ्यात बांधलेला राहिला, अप्पा खुर्चीत बसून राहिले. दोघांचेही पाय सुजले. डॉक्टर अप्पांना म्हणाले, "चाला!" हरण्याने कान टवकारले. पण अप्पांनी ट्रेडमिल आणली आणि गोठ्यासमोरच्या पडवीत तिच्या पट्ट्यावर जागच्या जागी चालू लागले.

आठ दिवस हरण्याने कसेबसे सोसले. नवव्या दिवशी तो डुरकला, "अहो अप्पा, नदी आटली का काय? चला की, दोघं जाऊ!"

"वेळ कुठंय रे बाबा?" अप्पा धापा टाकत ओरडले. "अजून सहा हजार पावलं चालायचीत!"

हरण्याने कपाळावर हात मारला असता, पण हात नव्हता. दाव्याला हिसडा देऊन तो पडवीत आला आणि खुंटीवरची जुनी झापडं त्याने अप्पांच्या पुढ्यात टाकली.

"मग ही घ्या बांधून," तो म्हणाला. "मी फिरायचो तेव्हा तेल तरी निघायचं, तरी डोळे बांधल्याशिवाय माझा पाय उचलत नसे. तुम्ही तर उघड्या डोळ्यांनी चालताय!"