कांदळवेळचा कुऱ्हाडीचा माड

कांदळवेळच्या रवळनाथाच्या देवळामागे एक माड उभा आहे. त्याचा शेंडा बघायला मान इतकी मागे टाकावी लागते की डोक्यावरची टोपी हमखास पडते. बुंधा हंड्यासारखा फुगलेला आहे आणि वरचे खोड जरासे समुद्राकडे कलून मग सरळ आभाळात गेले आहे. बुंध्याशी चिऱ्यांच्या पारावर एक कुऱ्हाड ठेवलेली असते. दर श्रावणात तिला धार करतात, तेल लावतात आणि परत जागेवर ठेवतात. पाहुणे आधी माडाचा फोटो काढतात, मग कुऱ्हाडीकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारतात. तोवर देवळाची देखभाल करणारे बाबलकाका तोंडातून ब्र काढत नाहीत. एकदा विचारले, की मात्र पाहुण्यांना पायरीवर बसवतात आणि सगळे ऐकल्याशिवाय उठू देत नाहीत.

फार पूर्वी, म्हणे, या किनाऱ्यावर सगळे असेच उंच माड होते. लावल्यावर सात-आठ वर्षे वाट पाहायला लावायचे, पण एकदा धरले की लावणाऱ्याच्या नातवंडांनाही पुरायचे. खोबरे जाड, तेल भरपूर आणि सोडणाचा काथ्या असा चिवट की त्याच्या दोराने बांधलेली होडी भरतीतही जागची हलू नये. मग गलबतावरचा कुणी एक तांडेल परमुलखातून ठेंगू माडाची रोपे घेऊन आला. त्यांना चौथ्या वर्षीच नारंगी शहाळी लागली, तीही जमिनीवर उभे राहून हाताने तोडावीत अशी. पाणी गोड. गाव त्यावर लट्टू झाला आणि एकेका वाडीतले उंच माड पडू लागले. यात लोकांचे चुकले असे बाबलकाका म्हणत नाहीत. "वर चढणाऱ्याच्या बायकोक विचारा," एवढेच म्हणतात.

आवडू ही अशाच एकाची बायको. तिचा नवरा बुधाजी गावचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. नारळी पौर्णिमेला समुद्राला द्यायचा नारळ देवळामागच्या माडाचाच हवा, असे गावकराने सांगितले. गावकर म्हणजे गावचा पहिला मानकरी. त्याचा शब्द कोण मोडणार? श्रावणातले खोड शेवाळलेले होते. बुधाजी शेंड्यापर्यंत पोचला, पण उतरताना पाय सुटला आणि तो देवळाच्या चिऱ्यांच्या फरशीवर आला. आवडू समोरच्या घरात तांदूळ निवडत होती. तिने काही पाहिले नाही, फक्त आवाज ऐकला.

त्या काळी गावची एक रीत होती, असे सांगतात. ज्या माडावरून पडून माणूस मेला, तो माड वर्षश्राद्धाच्या दिवशी तोडायचा. पहिला घाव त्या घरच्या बाईचा. तोवर त्या माडाला कुणी हात लावायचा नाही. आवडूने बुधाजीची कुऱ्हाड दगडावर घासून ठेवली. माड नजरेला पडू नये म्हणून चूलसुद्धा मागच्या पडवीत नेली. तिला त्या माडाचा राग होता, आणि तो ती कुणापासून लपवत नव्हती.

पण कार्तिकात तुफान झाले. समुद्र बांध फोडून वाड्यांत शिरला, विहिरी खारट झाल्या. ठेंगू माड काही उन्मळले, उरले ते पिवळे पडून शेंड्यातून कुजले. वरच्या कातळावरचे चार-पाच म्हातारे उंच माड वाचले, पण त्यांना मुठीएवढे नारळ धरायचे. भरल्या घडांनिशी उभा राहिला तो फक्त देवळामागचा माड. त्याचे आपोआप गळलेले नारळ लोकांनी रुजत घातले. पण चिऱ्यांवर एवढ्या उंचीवरून आदळलेला नारळ बाहेरून धड दिसला तरी आतून दुखावलेला असतो. कोंब काही आले नाहीत.

वर्षश्राद्धाचा दिवस उजाडला. सारा गाव देवळामागे जमला आणि आवडू कुऱ्हाड घेऊन आली. गावकर पुढे झाला.

"आवडू, कुऱ्हाड खाली ठेव गो. बियाण्याचो ह्यो एकच माड रवलो."

"तुमच्या सांगण्यावरसूनच चढललो तो," आवडू म्हणाली.

गावकराने मान खाली घातली आणि एवढेच मागितले, की तोडण्याआधी बियाण्यासाठी नारळ तेवढे काढून घेऊ दे. आवडूने नकार दिला नाही. तिचा धाकटा दीर महादू आता गावचा पाडेली होता. तो वर चढला आणि त्याने पहिला नारळ तोडून खाली टाकला.

नारळ फरशीवर आदळला. तोच आवाज. आवडूच्या हातातली कुऱ्हाड गळून पडली.

"उतर! महादू, आधी खाली उतर!" ती किंचाळली. तो जमिनीला लागेपर्यंत तिने श्वास घेतला नाही, म्हणे. मग त्याचा दंड घट्ट धरून ती गावकराकडे वळली. "ह्या माडान एकदा माझो घोव नेल्यान. आता ह्याच्यावरसून कायएक पडूचा नाय. माणूसय नाय नि नारळय नाय. सगळे नारळ धड खाली येवंदेत, मगे मी घाव घालतंय."

तिने दोन अटी घातल्या. ओल्या माडावर कुणी चढायचे नाही, आणि दोराशिवाय चढायचे नाही. उरलेल्या पावसाळ्यात गावातल्या बायका पडव्यांत बसून काथ्या वळत राहिल्या. आवडू प्रत्येक पेड स्वतः ओढून बघायची आणि सैल लागला तर उसवून परत वळायला लावायची. हिचा जाच पुरे, असे काहीजणी पाठीमागे म्हणत. फाल्गुनात खोड वाळले तेव्हा महादू कमरेला दोर बांधून वर गेला. पिकलेले घड टोपलीतून हळूहळू खाली आले आणि बायकांनी एकेक नारळ हातात घेतला.

ते नारळ रुजले. उंच माडाची पोय, म्हणजे फुलोरा, शेजारच्या माडाचा पराग घेते, त्यामुळे एका आईची पोरे सारखी निपजत नाहीत. आवडूने लवकर कोंब आलेली, जाड मानेची रोपे तेवढी ठेवली आणि घरोघर दिली.

पुढच्या श्रावणात गावकर तिच्या दारी आला. रीत म्हणून त्याने विचारले, "तोडूचो काय?"

आवडू माडाखाली गेली आणि तिने वर पाहिले. उंच माड कधी रिकामा नसतो. एक घड पिकतो तेव्हा दुसरा भरत असतो आणि त्याच्यावर नवी पोय फुटत असते. पाडेल्याच्या बायकोला हे ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? गावकरालाही ठाऊक होते.

"अजून नारळ आसत," ती म्हणाली. "यंदा नको."

"म्हणजे माफ केलंस?"

"माफ करूक नाय मी. यंदा नको, इतक्याच."

आवडू म्हातारी होऊन गेली. तो माडही वयाने गेला. आज दिसतो तो त्याच्या नारळातून आलेल्या माडाच्या नारळातला, म्हणजे त्याचा नातू. त्याचा काही गुन्हा नाही, पण कुऱ्हाड त्याच्याकडे वारशाने आली. त्याच्यावरून अजून कुणी पडलेले नाही, असे सांगतात.

आजही फाल्गुनात इथले नारळ दोराने उतरवतात, आणि तो दोर गावातल्या बायकाच वळतात. आजही श्रावणात गावकर आवडूच्या घरी जातो आणि थोरल्या बाईला विचारतो, "तोडूचो काय?" ती माडाखाली येते, डोळ्यांवर हात धरून घड बघते, फाल्गुनात चढणाऱ्याच्या कमरेला बांधायचा दोर एकदा ओढून बघते आणि म्हणते, "यंदा नको."